नवीन वर्षात धंद्यासाठी मन कसं तयार करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकान, वर्कशॉप, खानावळ, छोटा कारखाना किंवा घरून चालणारा धंदा सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. वर्ष बदलताना बाजारात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझं एकच ठाम मत आहे. वही उघडून बसायचं आणि तिच्यात दिसलेल्या एखाद्या गोष्टीवर स्वतःहून हालचाल करायची, यातून धंद्यातली उमेद येते. नुसत्या शुभेच्छांनी ती आठवडाभरही टिकत नाही.

धंद्याचं नवीन वर्ष कोणतं धरायचं? १ जानेवारी, गुढीपाडवा, १ एप्रिल की दिवाळीचा पाडवा?

आपल्याकडे चारही चालतात आणि त्यात काही वावगं नाही. दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, व्यापाऱ्यांचं वर्ष बदलतं. वहीपूजन होतं, नव्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं. साडेतीन मुहूर्तांमधला अर्धा मुहूर्त तो हाच. नवं दुकान, नवी गाडी, नवी मशिनरी यासाठी गुढीपाडवा धरतात. सरकार आणि बँक मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च एवढंच वर्ष ओळखतात.

तरीही मनाची तयारी करायला मी जानेवारी सुचवतो. दिवाळीची गडबड ओसरलेली असते, दिवाळीचा माल किती गेला आणि किती राहिला ते समोर दिसत असतं, आणि मार्चअखेरीला अजून तीन महिने असतात. १ एप्रिलला डोळे उघडले तर गेलेल्या वर्षाचं काहीच दुरुस्त करता येत नाही. जानेवारीत उघडले तर अडकलेली उधारी सोडवता येते, पडून राहिलेला माल मोकळा करता येतो, कराचा अंदाज घेता येतो. पूजा पाडव्याला करा, पण वही चाळायला जानेवारीतच बसा.

सकारात्मक विचार केल्याने धंदा खरंच वाढतो का?

वाढतो, पण तो विचार कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ते ठरतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या राजधानीत, लोमे शहरात, १,५०० छोट्या व्यावसायिकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. एका गटाला हिशोब, विपणन वगैरेंचं नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाला पुढाकार घ्यायला शिकवलं: कुणी सांगण्याआधी स्वतः सुरुवात करणं, पुढे येणारी अडचण आधीच ओळखणं, शेजारच्यापेक्षा वेगळं काही देणं, पहिल्या नकारानंतर मागे न हटणं. तिसऱ्या गटाला काहीच शिकवलं नाही. पुढच्या दोन वर्षांत पुढाकार शिकलेल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने झालेली वाढ ११ टक्के होती, आणि ती खात्रीने प्रशिक्षणामुळेच झाली असं संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता येत नव्हतं.

मी हिशोबाच्या बाजूचा माणूस आहे, तरी हा निकाल मला पटतो. वहीत 'पोहे-उपम्याचा कच्चा माल महागला' असं दिसलं आणि आपण वही मिटून ठेवली, तर त्या हिशोबाचा उपयोग काय? भाव वाढवायचा, प्लेट बदलायची की दुसरा होलसेलर शोधायचा, हे त्याच आठवड्यात ठरवणं म्हणजे पुढाकार.

उलट बाजूचाही अभ्यास आहे. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएल ओटिंगेन यांनी १९९१ साली वजन कमी करू पाहणाऱ्या महिलांवरचा अभ्यास मांडला. सगळं आपोआप छान होईल अशी गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं वजन कमी घटलं. यश मिळेल असा विश्वास असणाऱ्यांचं मात्र जास्त घटलं. म्हणजे विश्वास हवा, पण स्वप्नरंजनात यश मिळाल्याचं समाधान आधीच उपभोगून टाकलं की हातपाय ढिले पडतात. 'यंदा एक कोटीचा टर्नओव्हर' असं भिंतीवर लिहिण्यापूर्वी, तो का होणार नाही याची कारणं शेजारी लिहा. मग त्यातल्या एकेका कारणाच्या मागे लागा.

गेलं वर्ष तोट्यात गेलं. आता उमेद कुठून आणायची?

आधी तोटा नेमका कुठे झाला ते पाहा. 'धंदा तोट्यात आहे' हे वाक्य इतकं मोठं असतं की त्यापुढे माणूस हतबल होतो. त्याचे तुकडे केले की त्यातले बरेच हाताळण्याजोगे निघतात.

एका कागदावर महिन्याचा ठरलेला खर्च मांडा. समजा भाडं १५,०००, दुकानात कामाला असलेल्या मुलाचा पगार १२,०००, वीजबिल ३,००० आणि बँकेचा हप्ता १०,०००. एकूण ४०,००० रुपये. विक्रीवर सरासरी २० टक्के मार्जिन सुटत असेल, तर हे चाळीस हजार निघायला महिन्याला दोन लाखांची विक्री लागते. दुकान २६ दिवस उघडं धरलं तर दिवसाला साधारण ७,७०० रुपये गल्ल्यात यायला हवेत.

आता त्यात स्वतःचा पगार धरा. बहुतेक दुकानदार इथेच चुकतात. बारा तास गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाला घर चालवायला २०,००० लागत असतील, तर खर्च ६०,००० झाला, विक्री तीन लाखांची हवी आणि रोजचा आकडा ११,५०० च्या आसपास गेला. ७,७०० आणि ११,५०० यांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य दुकानं वर्षानुवर्षं चालू आहेत. रोज विक्री होते, माल येतो-जातो, आणि तरी महिनाअखेर हात रिकामा. मालकाला वाटतं आपलं नशीब खोटं आहे. खोट फक्त एका न मांडलेल्या आकड्यात असते.

हा आकडा कळल्यावर मनात फरक पडतो, हे मी खात्रीने सांगतो. 'काही खरं नाही' या धास्तीच्या जागी 'रोज चार हजारांची विक्री कमी पडते' असा ठोस प्रश्न येतो. मग विक्री वाढवायची, मार्जिन जास्त असलेला माल पुढे मांडायचा, की भाडं कमी करून घ्यायला जागामालकाशी बोलायचं, असे मार्ग सुचायला लागतात. मार्जिन २० वरून २३ टक्क्यांवर नेलं, तर तेच ६०,००० रुपये तीन लाखांऐवजी सुमारे २,६१,००० च्या विक्रीत निघतात. एकही नवं गिऱ्हाईक न वाढवता!

एखादा महिना एकदम पडला की मन खचतं. त्याचं काय करावं?

त्या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

आपल्या राज्यात बाजाराचा पैसा शेतीच्या आणि सणांच्या वेळापत्रकाने फिरतो. कोल्हापूर-सांगलीकडे उसाची बिलं जमा झाली की कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांत गर्दी होते. लातूरकडे सोयाबीन घरात आलं की मोंढ्याभोवतीचा सगळा बाजार हलतो. कोकणात गणपतीला चाकरमानी आले की किराणावाल्याला बसायला वेळ नसतो, आणि आंब्याच्या पैशावर मे महिन्यातली खरेदी ठरते. पितृपक्षात सोन्याचं दुकान थंड असणारच. वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा जीव जूनमध्ये असतो. विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा उशिरा उघडतात, म्हणून तिथल्या स्टेशनरीवाल्याची घाईही थोडी पुढे सरकते.

हे सगळं आपल्याला माहीत असतं. पण रिकाम्या दुकानात दुपारी बसलेलं मन ते विसरतं. म्हणून बारा महिन्यांच्या विक्रीचा एक तक्ता करून गल्ल्याच्या आत चिकटवा. दोन-तीन वर्षांचे आकडे असतील तर फारच उत्तम. मंद महिन्याचे दोन फायदेही आहेत: माल मोजता येतो आणि मुलाला चार दिवस गावी पाठवता येतं.

उधारीमुळे सगळी उमेद जाते. नवीन वर्षात तिचं काय करू?

धंदेवाल्याचं मन जेवढं उधारीने पोखरलं जातं, तेवढं स्पर्धेनेही जात नाही. माल गेला, पैसे आले नाहीत, आणि वर मागायला आपल्यालाच लाज वाटते. ज्याच्याकडे पैसे अडकलेत तो समोरच्या टपरीवर निवांत चहा पीत असतो आणि आपण नजर चुकवतो.

जानेवारीत सगळ्या थकबाकीची एक यादी काढा आणि तिचे तीन भाग करा: तीन महिन्यांच्या आतली, तीन महिने ते वर्षापर्यंतची, आणि वर्षापेक्षा जुनी. पहिल्या भागाला आठवण पुरते. दुसऱ्या भागासाठी स्वतः जाऊन भेटा. हप्ते पाडून द्या, पण तारखा लिहून घ्या. तिसऱ्या भागात कायदा लक्षात ठेवा. पैशाच्या वसुलीचा दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी, सहीनिशी बाकी मान्य केली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजतात. म्हणून खतावणीवर, म्हणजे गिऱ्हाइकवार खात्यांच्या वहीवर, 'बाकी मान्य' लिहून सही आणि तारीख घेणं हे भांडणाचं लक्षण मानू नका. जुन्या पेढ्यांवर ही पद्धत नेहमीची होती.

तुम्ही माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची 'उद्यम' नोंदणी असेल, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने उभा आहे. लेखी करार असेल तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होतं. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. शिवाय २०२४-२५ या आकारणी वर्षापासून, म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबापासून, अशा पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि मार्चअखेरही बाकी राहिले, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी करात वजा मिळत नाही. मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करायला लागले आहेत, त्याचं एक कारण हे.

निव्वळ व्यापाऱ्यांना मात्र, म्हणजे तयार माल घेऊन विकणाऱ्या घाऊक आणि किरकोळ दुकानदारांना, या विलंबित देण्याच्या तरतुदीचा लाभ नाही. २०२१ पासून त्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती अग्रक्रम क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांनी प्राधान्याने द्यायच्या, कर्जापुरती. त्यांनी सहीची वही आणि उधारीची मर्यादा यांवरच भिस्त ठेवावी. एका गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त किती उधार, हा आकडा आधी ठरवून मुलालाही सांगून ठेवा. म्हणजे नाही म्हणताना तोंड तुमचं असतं, पण नियम दुकानाचा असतो.

घरखर्च आणि धंदा एकाच गल्ल्यातून चालतो. वेगळं करणं खरंच गरजेचं आहे का?

होय. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या कर्जदार व्यावसायिकांवर झालेल्या एका अभ्यासात काहींना रीतसर लेखांकन शिकवलं आणि काहींना फक्त साधे ठोकताळे दिले. घरचे पैसे एका खणात, धंद्याचे दुसऱ्या खणात, आणि एकातून दुसऱ्यात पैसे गेले तर चिठ्ठी टाकायची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत साध्या ठोकताळ्यांनी रीतसर शिक्षणापेक्षा जास्त फरक पाडला होता.

तेच इथे करा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला स्वतःचा पगार घरच्या खात्यात टाका. मधेच जास्त लागले तर घ्या, पण लिहा. घरी वहिनी किंवा आई भिशी सांभाळत असतील तर त्यांना या हिशोबात आवर्जून बसवा. पैसा वेळेवर पुरवून वापरण्याची शिस्त अनेक घरांत त्यांच्याकडेच जास्त असते.

समोर मोठं मार्ट उघडलंय, आणि मोबाइलवर दहा मिनिटांत सामान घरी येतं. अशात सकारात्मक कसं राहायचं?

भावात त्यांच्याशी लढू नका. साखर, तेल, साबण या मालात तुमचा पराभव ठरलेला आहे आणि त्यावर झोप घालवण्यात अर्थ नाही.

तुम्ही काय देता आणि ते काय देऊ शकत नाहीत, याची यादी करा. अर्धा किलो डाळ मोडून देणं, लग्नघराचा माल उरला तर परत घेणं, कोणत्या गिरणीचं पीठ भाकरीला चांगलं ते सांगणं, आजोबांना रक्तदाबाची तक्रार आहे हे लक्षात ठेवून कमी मिठाचं फरसाण बाजूला काढणं. यातल्या दोन गोष्टी यंदा ठळकपणे, बोर्ड लावून करा. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली की संध्याकाळी सामान बांधून तयार, एवढं केलं तरी सोसायटीतली बरीच घरं तुमच्याकडे राहतात.

'मराठी माणसाला धंदा जमत नाही' असं घरातच ऐकावं लागतं. मनावर परिणाम होतो.

होणारच. परक्याने म्हटलेलं सोडून देता येतं, काका-मामांनी म्हटलेलं टोचतं. त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगा. बेळगावात सायकलच्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे. ते नांगर खपायला दोन वर्षं गेली. मग नगरपालिकेच्या विस्तारात बेळगावची जागाच सोडावी लागली. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली आणि १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून कॅम्लिन सुरू केलं. भिलवडीच्या चितळ्यांचा दुधाचा व्यवसाय १९३९ पासूनचा.

ही नावं मी अभिमानासाठी घेतोच, पण मुख्यतः दोन वर्षं न खपलेल्या नांगरांसाठी घेतो. तो काळ त्यांनी कसा काढला असेल, याचा विचार करा.

दरवर्षी संकल्प करतो, फेब्रुवारीत सुटतो. उपाय?

नव्या तारखेला जोर येतो हे खरं आहे. २०१४ च्या एका अमेरिकी संशोधनात आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला लोक व्यायामशाळेत जास्त जातात असं दिसलं. हा जोर लवकर ओसरतो. म्हणून त्याच्या भरात मोठी शपथ घेण्यापेक्षा एक छोटी सवय बांधून घ्या.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवलेली पद्धत सोपी आहे: 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा शब्दांत ठरवायचं. 'हिशोब नीट ठेवीन' हा संकल्प सुटतो. 'रात्री शटर अर्धं ओढलं की रोजमेळ (दिवसाचा जमाखर्च) लिहीन आणि मगच कुलूप लावीन' हा टिकण्याची शक्यता बरीच जास्त. मंगळवारी बाजार बंद असेल तर 'मंगळवारी सकाळी चहा झाला की थकबाकीतल्या तिघांना फोन'. वर्षाला असे दोनच ठरवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा रोजमेळ लिहा आणि पुढे चला.

प्रेरणा देणाऱ्या सेमिनारना जावं का?

फी परवडत असेल आणि तिथे तुमच्याच धंद्यातले दहा जण भेटणार असतील तर जा. नुसत्या टाळ्या वाजवायला जाऊ नका. तुमच्या गावच्या व्यापारी संघटनेच्या बैठकीत होलसेलचे भाव, चुकार गिऱ्हाइकं, नवे नियम यांची खरी माहिती मिळते, आणि आपल्यासारखेच प्रश्न इतरांनाही आहेत हे कळून मन हलकं होतं.

धंदा बंद करण्याचा विचार येतो. हा नकारात्मकपणा आहे का?

अजिबात नाही. वर मांडलेला आकडा प्रामाणिकपणे काढला, सहा महिने मनापासून प्रयत्न केला, आणि तरी घर चालवायला दरमहा नवं कर्ज काढावं लागत असेल, तर थांबण्याचा विचार शहाणपणाचा आहे. देणी आटोक्यात असताना बंद केलेल्या दुकानाचा मालक पुन्हा उभा राहू शकतो. बायकोचे दागिने गहाण ठेवून आणखी एक हंगाम ओढणाऱ्याला ते फार जड जातं. तारीख आणि आकडा आधीच लिहून ठेवा: 'अमुक महिन्यापर्यंत विक्री इथवर आली नाही तर धंदा बदलायचा.' असं ठरलं की तोवरचे दिवस मोकळ्या मनाने काम करता येतं.

रात्री झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो. हे सांगायचं कुणाला?

आजच सांगा. घरातल्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं. कर्ज थकलं असेल तर बँकेला फोन करणं टाळू नका. लेखी अर्ज देऊन हप्ते पुन्हा बांधून मागता येतात. पैशाचं कोणतंही देणं तुमच्या जिवाएवढं मोठं नाही. असं वाटत असेल तर या पानावरचं बाकी सगळं बाजूला ठेवा.

३१ मार्चपूर्वी कोणती कामं उरकली की एप्रिल हलका जातो?

मालाची प्रत्यक्ष मोजणी, बिलाशी ताडून. वर्षभर न हललेला माल वेगळा काढून फेब्रुवारीतच खरेदीच्या भावाला विका, गोदामात ठेवून त्याची किंमत वाढणार नाही. जीएसटीत कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्यांसाठी विक्रीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत, जायचं असेल तर पर्याय ३१ मार्चपर्यंत द्यावा लागतो. अनुमानित उत्पन्नावर, म्हणजे विक्रीचा ठरावीक हिस्सा नफा धरून, कर भरणाऱ्यांनी आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, नाहीतर व्याज लागतं. उद्यम नोंदणीतला पत्ता आणि बँक खातं तपासा. १ एप्रिलला बिलांची नवी क्रममालिका सुरू करा. आणि सीएंकडे कागद मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नेऊ नका. फेब्रुवारीत गेलात तर ते तुमच्याशी निवांत बसून बोलतील.